सोनू, आधी नाव विचार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहायला बसलो. कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर मुंबईत, तेही बेघर लोकांसाठी, हे कळल्यावर आईने आधी तुमच्या झोपायच्या सोयीची चौकशी केली. मला मात्र माझं बीट, म्हणजे टपाल वाटायचा माझा ठरलेला भाग, आठवलं.

तीस वर्षं मी मुंबईत टपाल वाटलं. पोस्टमनला माणूस कळतो तो पत्त्यावरून. पत्ता नसलेला माणूस रोज समोर बसलेला असला तरी आमच्या हिशेबात येत नाही. माझ्या रस्त्यावर रेल्वे पुलालगत निळ्या ताडपत्रीखाली एक बाई राहायची. सकाळी मी जायचो तेव्हा पितळी डब्यात ओला पंचा पसरून त्यावर मोगऱ्याच्या कळ्या ओतत असायची. आम्ही तिला गजरेवाली म्हणायचो. पावसाळ्यात माझी पिशवी ती ताडपत्रीखाली ठेवून घ्यायची, इतकी ओळख.

एकदा एका बाईच्या नावाचं रजिस्टर आलं, मार्फत एक रद्दीचं दुकान. ते दुकान बंद झालेलं. शेजारच्यांना ते नाव माहीत नाही. नियमाप्रमाणे थांबलो, मग शेरा मारला, ‘पत्ता अपुरा, पाठवणाऱ्यास परत’. महिन्याभराने गजरेवाली डोळे पुसत म्हणाली, गावाकडून भावाने जमिनीचा कागद पाठवला होता, तो पोचलाच नाही. ते नाव तिचं होतं. सहा वर्षं मी तिच्यासमोरून गेलो आणि एकदाही नाव विचारलं नाही. ते मला आजही टोचतं.

म्हणून सांगतो, ताट हातात देण्याआधी नाव विचार. स्वतःचंही सांग. फोटो काढू नकोस. रात्रीच्या पाहणीत कोणाच्या तोंडावर बॅटरी मारू नका, ती त्यांची झोपायची खोली आहे.

आणि हे लोक आळशी, भिकारी असं कोणी म्हणालं तर पहाटे पाचला तिथे जाऊन बघ. हमाल, नाक्यावर उभे राहणारे मजूर, कागद-काच वेचणाऱ्या बाया, सगळे कामाला निघालेले असतात. परळला तर कॅन्सरच्या पेशंटबरोबर आलेली आपल्याच जिल्ह्यांतली माणसं फुटपाथवर दिसतील. घरदार असलेली, पण उपचार लांबले आणि खोलीचं भाडं झेपेना म्हणून रस्त्यावर आलेली.

तू ‘ॲडव्होकसी’ म्हणजे नेमकं काय करायचं असं विचारलंस. आपल्या भाषेत, पाठपुरावा. 1981 साली भर पावसात मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना हटवायला सुरुवात झाली, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि खुद्द फुटपाथवर राहणारी माणसं सुप्रीम कोर्टात गेली. निकाल 1985 मध्ये लागला. महापालिकेला हटवायचा अधिकार राहिला, पण पोट भरण्याचं साधन हिरावणं म्हणजे जगण्याचा हक्क हिरावणं, हे कोर्टाने मान्य केलं. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद होती त्यांना पर्यायी जागा द्या, असंही सांगितलं. बघ, तिथेही कागदच कामी आला.

दर 1 लाख शहरी लोकसंख्येमागे किमान 100 जणांना बारमाही निवारा हवा, असा केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाचा मापदंड होता; ते अभियान 2024 मध्ये संपलं. 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले. एका रात्रीत मोजलेले, म्हणजे जे दिसले तेवढेच. निवारागृहात गेलात की खाटा मोजा, बायकांसाठी आणि अख्ख्या कुटुंबासाठी वेगळी सोय आहे का ते विचारा, आणि लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे नुसतं बोलणं.

आणखी एक, जे फार थोड्यांना ठाऊक आहे. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालता येतं. नाव नोंदवायच्या अर्जात, म्हणजे नमुना 6 मध्ये, तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. मग बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथ अधिकाऱ्याने, रात्री, एकापेक्षा जास्त वेळा, तिथे जाऊन खात्री करायची. माणूस तिथे झोपतो असं दिसलं की राहण्याचा वेगळा पुरावा लागत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो. पुलाखालची जागा, सरकारी कागदावर, पत्ता म्हणून!

तेवढं एक काम तुमच्या गटाने घ्याच. पाच जणांचे अर्ज भरा, पण पूर्ण भरा. सात दिवसांत ते होणार नाही, बीएलओ कधी येईल कोण जाणे. म्हणून पुढच्या महिन्यात तुला पुन्हा जावं लागेल. त्या तिकिटाचे पैसे मी आजच तुझ्या खात्यात टाकले आहेत.

आईने जाड चादर न्यायला सांगितली आहे.

तुझे,
बाबा