सुन्या, ओंक्याला काय सांगू?

प्रिय सुन्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा जुनाच. फोनवर तू "होईल रे" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसलो.

ताईच्या ओंक्याने धोशा लावलाय, मामासारखा जनावरांच्या दवाखान्याचा डिप्लोमाच करणार. काल दाजी फॉर्म घेऊन पुढ्यात बसले. "नोकरी लागते ना?" एवढंच विचारलं. तुझ्याशिवाय हे सांगू कुणाला?

काम नाही असं कसं म्हणू? उजाडायच्या आत फोन सुरू होतात, गाय माजावर आलीय म्हणून. गोठवलेल्या रेताच्या कांड्यांचं नायट्रोजनचं कंटेनर गाडीला बांधायचं, गोठ्यात गेलं की कांडी 37 अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, गनमध्ये भरायची. तोवर मालक चहा ठेवतो आणि पैसे दुधाच्या पुढच्या बिलावर ढकलतो. परवा एकाच्या गाईला लिंगवर्गीत कांडीतून, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या रेतातून, गोऱ्हा झाला. शंभरात दहा होतातच, हे आधीच सांगितलं होतं. तरी भर चौकात म्हणाला, "डॉक्टर, कंपनीकडून बदलून आणा!"

गावाला आपण डॉक्टर. 1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्यात मात्र नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देणारे. रात्री दोनला गाय अडली की कायदा कुणी विचारत नाही. गाय मेली की सगळे विचारतात. 2022 ला जनावरांच्या लम्पीच्या साथीत लस टोचायला आपलीच पोरं लागली. 2021 च्या आपल्या पदविकावाल्यांच्या संपात तू घसा बसेपर्यंत ओरडलास, त्यातलं काय पदरात पडलं?

आणि सरकारी भरती! 2019 ची जिल्हा परिषदेची जाहिरात फॉर्म, फी घेऊन शेवटी रद्दच झाली. 2023 ला पशुधन पर्यवेक्षकाच्या 376 जागा निघाल्या, त्यातली एक तू नेलीस. माझ्या नोट्स वाचून! (हो, काढणार. मरेपर्यंत काढणार.) ओंक्याची पदविका होईल तेव्हा जाहिरात निघेल की त्याचं वय निघून जाईल, कोण सांगणार?

पुण्यात कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांत माणसं हवीत म्हणतात. सलाईन लावा, एक्स-रेला कुत्रं धरा, रक्त मशीनला लावा. पण आपण शिकलो गाई-म्हशींवर, आणि पगार मालक म्हणेल तो. भाडं देऊन उरणार काय? तरी पोराचा हात चांगला आहे रे. परवा बुजरी कालवड त्याने नुसती खाजवत उभी केली, मला दावंही लागलं नाही. म्हणून तर "नको" म्हणताना जीभ अडते.

तुझं काय? बदलीचा अर्ज केलास का? गडचिरोलीत वहिनींचं मन रमलं का? छकुलीला शाळेत घातलंस असं कळलं, छान.

दाजी रविवारी परत येणार आहेत. तू आतला माणूस, तुझं ऐकतील. शनिवारी टेकडीवर चढून रेंज पकड आणि थेट त्यांनाच फोन कर. पगाराचा आकडा खरा सांग, कापून हातात येतो तो.

तुझा,
बाळ्या