खुले पत्र: शोभिवंत माशांच्या अनुदानात सह्याद्रीच्या माशांना जागा द्या

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्य युनिटचा खर्च 3 लाख रुपये धरला आहे. त्यावर 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना 60 टक्के अनुदान मिळते. योजना चांगलीच आहे. पण अशा टाक्यांत बहुतेक ठिकाणी गप्पी, मोली, गोल्डफिश वाढतात आणि सह्याद्रीचा मासा मात्र ओढ्यातून उपसून बाजारात येतो. स्थानिक माशाची पैदास टाकीत व्हावी आणि ओढ्यातला मासा ओढ्यात राहावा, यासाठी हे पत्र.

झेब्रा लोचचेच पाहा. पश्चिम घाटातल्या वाहत्या, गोट्यांच्या ओढ्यांत राहणारा हा बोटभर लांबीचा पट्टेरी मासा आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या लाल यादीत संकटग्रस्त आहे. त्याच्या डोळ्याखाली दुहेरी काटा असतो. माशाला धरले की हा काटा उभा राहतो, जाळीत अडकतो आणि पिशवीलाही भोक पाडतो. ऑक्सिजन निसटला की पिशवीतले सगळे मासे जातात. म्हणून दुहेरी पिशवी हवी, एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन हवा, आणि भरण्याआधी मासे 24 तास उपाशी ठेवायला हवेत. पोट भरलेला मासा प्रवासात पाणी घाण करतो, अमोनिया चढतो. ही काळजी घेतली नाही तर मेलेल्या माशांची भरपाई पुन्हा त्याच ओढ्यातून केली जाते.

झेब्रा लोच टाकीत सहजी अंडी घालत नाही, त्याला संप्रेरकाचे इंजेक्शन लागते. ते काम शासकीय बीज केंद्राकडे द्यावे. बचत गटांनी सुरुवात डॅनिओ, रासबोरा, खवली या छोट्या माशांपासून करावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकी, तळाला गोट्यांचा थर किंवा जाळी, पाणी 24 ते 26 अंश. संध्याकाळी दोन नर आणि एक अंड्यांनी भरलेली मादी सोडायची. सकाळी अंडी दिसली की तिघांनाही लगेच काढायचे, नाहीतर तेच अंडी फस्त करतात. दीड दिवसात पिल्ले फुटतात. पुढचे तीन-चार दिवस ती पोटातल्या बलकावर जगतात.

खरी गोम त्यानंतर आहे. बलक संपतो त्या दिवशी पिल्लाच्या तोंडात मावेल एवढे बारीक जिवंत खाद्य हाताशी नसते. मग कोणी उकडलेल्या अंड्याचा बलक टाकतो, पाणी सडते आणि एका रात्रीत टाकी रिकामी होते. इन्फ्युसोरियाचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांचे पाणी चार-पाच दिवस आधी लावावे लागते, आठवड्याने आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीवर्गीय जिवाची पिल्ले द्यावी लागतात. युनिट मंजूर करताना जिवंत खाद्याची टाकी सक्तीची करा. रंगीत दिवे नसले तरी चालेल.

पैदाशीसाठीचे नर-मादी मासे एकदाच, परवान्याने, थोडे पकडावेत आणि ते कोणत्या नदीतले याची नोंद प्रत्येक लॉटसोबत राहावी. कृष्णा खोऱ्यातले आणि कोकणातल्या नद्यांतले मासे एका टाकीत मिसळू नयेत. टाकीत वाढलेले मासे 'संवर्धन' म्हणून नदीत सोडण्याचे कार्यक्रम तर मुळीच नकोत.

पकडबंदी घालायची तर आधी अभ्यास हवा. केरळने 2008 मध्ये 'मिस केरळ' या माशासाठी जून, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत पकड बंद ठेवली. पुढे अभ्यासातून कळले की त्याचा विणीचा मुख्य काळ हिवाळ्यापासून मार्चपर्यंतचा आहे. आपल्याकडे चढणीचे मासे पावसाच्या सुरुवातीला विणीला निघतात, म्हणून सगळ्यांना तोच काळ लावू नका. प्रत्येक जातीच्या माद्यांची अंडाशये वर्षभर तपासा. 2005 ते 2012 या काळात भारतातून संकटग्रस्त 30 जातींचे किमान 15 लाख गोड्या पाण्यातले मासे परदेशी गेल्याची नोंद आहे. चुकीच्या महिन्यांची बंदी हा ओघ थांबवू शकत नाही.

आता उलट्या दिशेचा धोका. दुकानात दोन इंचांचा सकर हा परदेशी मासा 'काच साफ करणारा' म्हणून विकतात. तो फूटभर झाला की मालक नदीत सोडतो. उजनी धरणात तो पोहोचला आहे. त्याचे खवले चिलखतासारखे आणि पंखांचे काटे टणक. जाळ्यात गुंतला की सोडवताना जाळे फाटते आणि मच्छीमाराचा दिवस वाया जातो. काठात बिळे करून तिथे नर अंडी राखतो, त्यामुळे नुसते पकडून तो संपत नाही. विक्रीच्या टाकीवर पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी लिहिणे आणि नको झालेला मासा परत घेणे दुकानदारांना बंधनकारक करा.

शेवटची विनंती आरोग्य विभागाशी बोलण्याची. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी 1908 मध्ये आणि गंबुसिया हा मासा 1928 मध्ये परदेशातून भारतात आणले गेले. आजही ते तळ्या-विहिरींत सोडले जातात. कोकणात डोक्यावर चंदेरी ठिपका असलेला पिकू हा छोटा मासा डासांच्या अळ्या खातो आणि तो इथलाच आहे. तो रोज थोडी अंडी वनस्पतींना चिकटवतो, ती दोनेक आठवड्यांत फुटतात. पहिली मागणी आरोग्य विभागाकडूनच आली, तर पिकू वाढवणाऱ्या बचत गटांना पहिल्या वर्षीच गिऱ्हाईक मिळेल.

आपले,
गोड्या पाण्यातल्या माशांचे अभ्यासक व संवर्धक