ट्रक म्हणजे मोठी कार नव्हे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. कारच्या प्लास्टिक मॉडेलची जोडायची इतकी किट्स झाल्यावर ट्रकचं किट म्हणजे ‘तेच, फक्त जरा मोठं’ असं लिहिलं आहेस. हे लांबण त्या एका वाक्यासाठीच. कारच्या मॉडेलमध्ये सगळा डाव बॉडीच्या रंगावर असतो. चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, केसभर तिरकी झाली तरी पोटाखाली झाकून जाते. ट्रकची चॅसी उघडी, लांबच लांब, आणि टाक्यांपासून केबिनपर्यंत सगळं तिच्यावर टांगलेलं. ती पिळली की एक चाक अधांतरी राहतं. मग केबिनला आरशासारखी चकाकी आणलीस तरी बघणाऱ्याची नजर त्या चाकावरच जाणार.

आधी मापाचं बोलू, कारण तू ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा पुढचा, केबिनचा भाग) एका कंपनीचा आणि ट्रेलर दुसरीचा घ्यायचं म्हणतोस. इटालेरी कंपनीचे ट्रक १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाइतके, येतात, एएमटी कंपनीचे जुने अमेरिकन ट्रक, म्हणजे पीटरबिल्ट ३५९ वगैरे, १/२५ मध्ये. १/२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, सरळ हिशेब. १/२५ रुळलं ते अमेरिकेत गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी बनणाऱ्या जाहिरातीच्या मॉडेल्समुळे. एएमटी १९४८ पासून तीच बनवत होती, आणि १९५८ पासून तिची जोडायची किट्स त्याच मापात आली. फरक चारच टक्क्यांचा, पण साडेचार मीटरची कार एकात १८.७५ सेंमी भरते, दुसऱ्यात १८. शेजारी ठेवलेल्या दोन गाड्यांत तो खपतो. ट्रॅक्टरला ट्रेलर जोडताना मात्र फिफ्थ व्हीलची (ट्रेलर जिथे अडकतो त्या तबकडीची) उंची चुकते आणि ट्रेलर नाक वर किंवा खाली करून उभा राहतो. जागेचाही विचार कर. १३.६ मीटरचा युरोपियन ट्रेलर १/२४ मध्ये जवळपास ५७ सेंमी होतो, त्यापुढे ट्रॅक्टर वेगळाच.

आता चॅसी. इथे घाई केलीस तर पुढचं सगळं फुकट. दोन्ही रेल, म्हणजे चॅसीच्या लांब बाजूपट्ट्या, स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) काढताना निपर, म्हणजे कापायची पकड, भागापासून दीड-दोन मिमी लांब लाव, उरलेलं खुंट नंतर ब्लेडने काढ. एका झटक्यात कडेला कापलंस तर प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो किंवा खड्डाच उरतो. मग रेल काचेवर उभी ठेवून बघ. मधे उजेड दिसला तर ती वाकलेली आहे. खूप गरम, पण उकळतं नव्हे, अशा पाण्यात अर्धा मिनिट धर, उलट दिशेला किंचित जास्त वाकव आणि गार पाण्यात बुडव. एकदा नाही जमलं तर दोनदा-तीनदा. जोराने सरळ करू नकोस, बोल्टच्या भोकापाशी तडकते.

क्रॉस मेंबर, म्हणजे दोन रेल जोडणारे आडवे भाग, बसवताना सगळे एकदम चिकटवायचे नाहीत. पहिला आणि शेवटचा आधी, पातळ सिमेंटचा (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा) एकेक थेंब लावून नुसते धरून ठेवल्यासारखे. लगेच दोन्ही कर्ण मोज: डाव्या रेलच्या पुढच्या टोकापासून उजवीच्या मागच्या टोकापर्यंत, आणि उलट. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एक रेल पुढे सरकली आहे. तसंच वाळू दिलंस तर अॅक्सल काटकोनात बसत नाहीत आणि ट्रक खेकड्यासारखा तिरका दिसतो. कर्णांना पीळ मात्र कळत नाही. त्यासाठी चौकट काचेवर ठेवून चारही कोपऱ्यांखाली कागदाची पट्टी सरकवून बघ. जिथे ती सहज जाते तो कोपरा उचललेला. मापं जुळली की मगच मधले आडवे भाग बसव, सांध्यांतून सिमेंट फिरव, वरून वजन ठेव आणि २४ तास विसर. वरून कडक वाटतं, पण विरघळलेलं प्लास्टिक आत मऊच असतं.

मागचे दोन अॅक्सल आणि पाटे बसवताना चाकं तात्पुरती लावून ट्रक काचेवर उभा कर. सिमेंट ओलं असतानाच दहाही टायर काचेला टेकवून घे. सूचनापत्रात चाकं शेवटच्या पानावर असतात, पण तोवर सुधारायला काही उरलेलं नसतं. (सूचनापत्रं चित्रकार काढतात, असं माझं जुनं मत आहे.) टायरच्या मधून जाणारी साच्याची रेघ ३२० च्या पॉलिश पेपरने घासून टाक. नक्षीही जरा रस्त्यावर चालल्यासारखी दिसते.

अमेरिकन ट्रकची दुसरी डोकेदुखी म्हणजे क्रोम, प्लास्टिकवर चढवलेला धातूचा चकचकीत थर. डिझेलच्या टाक्या दोन अर्ध्या भागांत येतात, दोन्हींवर क्रोम चढवलेलं. क्रोमवर सिमेंट धरत नाही, आणि खरवडून चिकटवलंस तरी सांधा ढळढळीत दिसतो. तेव्हा टाक्यांचं क्रोम काढूनच टाक. घरगुती ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं की अॅल्युमिनियमचा पातळ थर विरघळतो, कधी मिनिटांत, कधी काही तासांत. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव, आणि त्या भांड्यात आम्ल किंवा अमोनिया असलेलं काही कधीही पडू देऊ नकोस, विषारी वायू होतो. मग चिकटव, पुट्टी भर, घास, चकचकीत काळा रंग दे आणि तो पूर्ण वाळल्यावर अलक्लॅड कंपनीचा क्रोम रंग १२ ते १५ पीएसआय इतक्या हवेच्या दाबावर हलकाच फवार. काळ्यावर जी चूक असेल ती क्रोमवर दुप्पट दिसते. पुढची जाळी, आरसे, भोंगे हे किटच्या क्रोमवरच राहू दे, फक्त चिकटायची जागा खरवड.

केबिनचं रंगकाम तुला येतंच, दोनच गोष्टी सांगतो. तुझ्या खोक्यातलं प्लास्टिक लाल असेल आणि वर पांढरा किंवा पिवळा द्यायचा असेल तर लालसर झाक रंगातून वर येते. आधी सिल्व्हरचा एक थर दे, मग प्रायमर. दोन रंगांच्या पट्ट्यांसाठी टेप लावलास की तिच्या कडेवर आधी खालचाच रंग पुन्हा एकदा फवार. जो काही आत झिरपायचा तो तोच झिरपतो आणि रेघ धारदार निघते. इनॅमल रंगावर लॅकर रंग नको, सुरकुतेल. हवा दमट असेल त्या दिवशी लॅकरला हात लावू नकोस, पांढरट धूर धरतो. काचांना सुपरग्लू नको हे सांगायची गरज नाही, पण केबिन बंद केल्यावर आत कुठे सुपरग्लू वापरलास तरी त्याची वाफ काचेवर बसते. तिथे पांढरा गोंदच बरा.

ट्रॅक्टर-ट्रेलरमधल्या हवेच्या नळ्यांनी मॉडेल जिवंत वाटतं. खरी नळी १० मिमीच्या आसपास धर, म्हणजे तुला ०.४ मिमीची तार लागेल. ती एक मिमीच्या सळईवर गुंडाळलीस की गुंडाळी तयार. रंग मात्र देशाप्रमाणे: युरोपात लाल आणि पिवळी, अमेरिकेत लाल आणि निळी.

तू जमवलेल्या जुन्या खोक्यांबद्दल. न उघडलेलं खोकं जास्त मोलाचं हे खरं, पण आत व्हिनाइलचे टायर असतील तर ते गपचूप नुकसान करत असतात. त्यातलं मऊ करणारं द्रव्य पाझरून शेजारच्या काचेवर, रिमवर खड्डे पाडतं. उघडलेल्या प्रत्येक खोक्यातले टायर आजच वेगळ्या पिशवीत घाल. तयार मॉडेलमध्ये रिमवर फॉइलची पट्टी गुंडाळूनच टायर चढव. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं, पिवळी पडली असतील तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटव, काही दिवसांत उजळतात. वापरण्याआधी एखादं बिनकामाचं डिकल पाण्यात टाकून बघ. तुकडे झाले तर उरलेल्यांवर आधी क्लिअर लॅकर फवारून मग प्रत्येक कडेने कापून घे. आणि खोकी दहा-दहाच्या थप्पीत ठेवू नकोस. तळाच्या खोक्यातली बॉडी दबून वाकते आणि ते खोकं उघडेपर्यंत कळत नाही. खोक्यावर छापलेल्या सालावर भुलू नकोस, साचा त्याहून कितीतरी जुना आणि मधे दोनदा बदललेला असू शकतो. स्प्रूवरचे भाग सूचनापत्रातल्या नकाशाशी ताडून बघ.

रेल जोडल्यास की मधले भाग चिकटवण्याआधी दोन्ही कर्णांची मापं मला कळव.

तुझा मित्र