जुनं मशीन नवख्याच्या हातात देताना

कराड

चि. सोनू यास अनेक आशीर्वाद.

पाटणला तुझ्या जुन्या चेनसॉच्या, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनच्या, दुकानानं जम धरला हे ऐकून आम्हा दोघांनाही बरं वाटलं. पण परवा फोनवर तू म्हणालास, "आई, गिऱ्हाईकानं काही विचारलंच नाही. एका दोरीत चालू झालं, पैसे मोजले आणि गेला." तू ते खुशीत सांगितलंस. मला मात्र त्या माणसाचीच काळजी लागून राहिली आहे.

लाकडाचा ठेकेदार जुना चेनसॉ घेतो तेव्हा सायलेन्सर खोलून पिस्टनवर रेघा पडल्यात का ते बघतो, बारच्या, म्हणजे चेन जिच्यावरून पळते त्या लांब पट्टीच्या, खोबणीतून नख फिरवतो, मग भावाचं बोलतो. त्याला आपण काही सांगायची गरज नसते. बांधावरची एक बाभूळ काढायला मशीन घेणारा शेतकरी दोनच गोष्टी विचारतो, कितीला आणि चालू होतंय का. बाकीचं त्यानं विचारलं नाही तरी आपणच सांगायचं. गाडीला मशीन बांधून तो एकदा डोंगराकडं निघाला की तिथं त्याला सांगणारं कुणी नसतं.

सगळ्यात आधी ब्रेक. पुढच्या मुठीसमोरचा आडवा पंजा म्हणजेच ब्रेकचा दांडा, तो काही कामगार 'मधे येतो' म्हणून काढून टाकतात, त्यामुळं तुझ्या लॉटमध्ये तशी मशीनं असणारच. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडं येतं. चेन सेकंदाला 20 मीटरच्या आसपास पळत असते, माणसाला मान वळवायलाही वेळ मिळत नाही. त्या झटक्यात पंजा पुढं पडतो आणि चेन जाम होते, तेवढाच काय तो बचाव. म्हणून पंजा नसलेलं मशीन विकायचं नाही, भाव पाडूनसुद्धा नाही. "चालेल मला" असं गिऱ्हाईक म्हणेल. पण त्यानं मशीन उसळताना कधी पाहिलेलं नसतं, त्याच्या होकाराला काय धरून बसायचं? पंजा जागेवर असला तरी पूर्ण रेसवर ब्रेक मारून बघ, चेन तिथल्या तिथं थांबली पाहिजे. आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर चेन हळूहळू फिरत राहिली, तर क्लच आणि स्लो सेटिंग बघितल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर काढू नकोस.

मोठ्या बारचा मोह सगळ्यांनाच असतो. 58 सीसीचं, 22 इंची बारचं मशीन दिसायला दणकट, म्हणून नवखा माणूस त्याच्यावरच बोट ठेवतो. त्याला 16 इंची दाखव. बाभळीला, सुबाभळीच्या फांद्यांना तेवढं पुरतं, आणि टोक कुठं चाललंय ते नजरेत राहतं.

पेट्रोलचं तर हमखास चुकतं. मोटरसायकलच्या टाकीतून काढलेलं पेट्रोल तसंच ओततात. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑइल हेच त्याचं वंगण. ते नसेल तर पिस्टन धरायला वेळ लागत नाही. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली ऑइल, 25 ला 1 असेल तर 40. त्या कंपनीचं प्रमाण टाकीवर मार्करनं लिहून दे. चेनचं ऑइल वेगळ्या टाकीत, आणि पेट्रोल भरताना दर वेळी तेही भरायचं. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी लवकर धरतं, तेव्हा मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करूनच ठेवायला सांग.

आता जे सांगते ते नीट वाच. वळीव झाला की तुझ्याकडं गर्दी होईल, आणि त्यातले बहुतेकजण पडलेलं झाड तोडायला मशीन मागतील. नवख्याला वाटतं, झाड पडलंच आहे, आता कसली भीती? उभ्यापेक्षा ते फसवं असतं. एखादी फांदी वाकून जमिनीत दाबली गेलेली असते, कापताक्षणी ती फटकन सुटते. खोड मध्येच अधांतरी असेल तर वरच्या बाजूनं कापताना फट मिटते आणि बार अडकतो. मग माणूस तो ओढून काढायला जातो आणि तोल जातो. मुळांसकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं, तर मातीचा गड्डा बुंध्यासकट परत खड्ड्यात उभा राहतो. मुलं त्या खड्ड्यात खेळत असतात, म्हणून मला हे लिहिताना धस्स होतं. 'कुठलं झाड, कसं पडलंय, जवळ वीजतार आहे का' हे विचारल्याशिवाय मशीन देऊ नकोस. तार असेल तर वायरमन येईपर्यंत हात लावायचा नाही. झाड मोठं आणि वाकडंतिकडं पडलेलं असेल तर विक्री सोड आणि कसलेल्या झाडतोड्याचा नंबर दे. असं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे, मला अजिबात वाईट वाटणार नाही.

विकायचं ठरलं तर दुकानामागं लाकडाचा ओंडका टाकून ठेव आणि गिऱ्हाईकालाच मशीन सुरू करायला लाव. मशीन जमिनीवर, मागच्या मुठीत उजवा पाय, ब्रेक लावलेला, मग दोरी. हातात लटकवून ओढायला लागला तर तिथंच थांबव. गळ्यातला टॉवेल काढायला सांग, धोतर नेसून आला असेल तर पँट घालून काम करायला सांग. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळलेला हवा, खांद्याच्या वर कापायचं नाही, शिडीवर चढून तर नाहीच. गॉगल आणि कानाचे बोळे बिलातच धर, वेगळे विकायला ठेवलेस तर कुणी घेत नाही. बारीक भुसा पडायला लागला म्हणजे चेन बोथट झाली, हेही दाखव. बोथट चेनवर माणूस जोर लावतो आणि तिथंच घसरतो.

आंबा, फणस, चिंच, साग तोडायला 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, झाड स्वतःच्या रानात असलं तरी. तेवढं कानावर घालत जा.

कुणी पोराला पाठवून मशीन मागवलं, तर बापालाच यायला सांग.

पप्पांनी 4.8 मिलिमीटरच्या गोल कानशी काढून ठेवल्यात, 0.325 इंच पिचच्या चेनला त्याच लागतात. रविवारी येताना पंजा नसलेली मशीनं इकडं घेऊन ये, कार्बोरेटर आणि बार काढून घेऊ. आणि त्या परवाच्या गिऱ्हाईकाचा नंबर लिहून ठेवला असशील तर आजच फोन कर. ब्रेक लागतोय का, पेट्रोलात काय घातलंय, एवढं विचार. गाव जवळ असेल तर जाऊनच ये.

तुझी,
आई