हार्लेममध्ये घडलेले शब्द

पुणे
रविवार दुपार

प्रिय मीना,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं. अकरावीतल्या पोरी झकास छाप पाडण्याला ‘स्ले’, भारी कपड्यांना ‘ड्रिप’, दुसऱ्याला भुरळ घालण्याला ‘रिझ’ असलं काहीबाही म्हणतात आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मिळून या ‘इंटरनेटच्या कचऱ्या’वर यथेच्छ तोंडसुख घेतलं, हे वाचून मला राहवेना. अगं, या शब्दांचं कूळ फार मोठं आहे. ज्यांनी ते घडवले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसले.

आपल्या कॉलेजात कुणी नवी बॅगी पँट घालून आला की ‘काय हेप दिसतोय!’ असं आपण म्हणायचो. आपल्याला तो शब्द अगदी कोरा करकरीत वाटायचा, पण अमेरिकेत तो 1940 च्या दशकातच जुना होऊन त्याच्या जागी ‘हिप’ रुळला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही दोन्ही रूपं छापील मजकुरात दिसतात. अर्थ एकच, आतली गोष्ट ठाऊक असलेला. काहींनी त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेत शोधलं, पण पुरावा भक्कम नाही. त्याला खरी झळाळी आली ती जॅझ वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय वादकांच्या तोंडी, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये.

तिथला कॉटन क्लब हा नाइटक्लब डोळ्यांसमोर आण. वस्ती कृष्णवर्णीयांची, गाणारे-नाचणारे कृष्णवर्णीय, आणि समोर टेबलांवर बसायची मुभा फक्त गोऱ्यांना. 1931 पासून कॅब कॅलोवे या कृष्णवर्णीय जॅझ गायकाचा बँड तिथे वाजायचा. पैसे देऊन आपली करमणूक करून घेणाऱ्यांना समजू नये अशी एक बोली या माणसांजवळ होती. मला वाटतं, ती त्यांची गरजच होती. 1938 मध्ये कॅलोवेने त्या बोलीचा छोटासा कोश काढला, ‘हेपस्टर्स डिक्शनरी’. ‘थ्रेड्स’ म्हणजे कपडे. ‘टॉग्ड टू द ब्रिक्स’ म्हणजे नखशिखांत नटलेला. ‘कॉर्नी’ म्हणजे शिळं, जुनाट. आणि ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही तो ‘इकी’. ज्या देशात या लोकांच्या बोलण्याला अशुद्ध म्हणून हिणवत, तिथे त्यांच्यातल्याच एकाने त्या बोलण्याचा कोश करावा, याचं मोल मला फार वाटतं.

शब्दांबरोबर पोशाखही आला. झूट सूट. छातीपर्यंत चढवलेली, मांड्यांवर ढगळ नि घोट्याशी आवळलेली विजार, गुडघ्याला टेकणारा कोट, रुंद भरलेले खांदे, कमरेपासून खाली लोंबणारी घड्याळाची साखळी. युद्धकाळात कापडावर निर्बंध होते, तेव्हा एवढं कापड वापरणं देशद्रोह ठरवलं गेलं. जून 1943 मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर गोऱ्या नौसैनिकांनी मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या पोरांना गाठून झोडपलं, अंगावरचे सूट फाडून काढले. नटणं एवढं महागात पडू शकतं!

आणि ‘कूल’. हा शब्द जॅझमध्ये रुळवण्याचं श्रेय बहुतेकजण लेस्टर यंग या कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादकाला देतात. सपाट माथ्याची टोपी, सॅक्सोफोन बाजूला वळवून जवळजवळ आडवा धरलेला, आणि सूर असा संथ, हलका की कुठे म्हणून धाप नाही. 1944 साली त्याला सैन्यात घेतलं. पुढच्याच वर्षी गांजा सापडला म्हणून कोर्टमार्शल झालं आणि जॉर्जियातल्या लष्करी तुरुंगात रवानगी झाली. 1959 मध्ये तो गेला, पन्नाशीही न गाठता. दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्याला उलट उत्तर दिलं तर जिवावर बेतायचं. तिथे चेहऱ्यावरची रेषही न हलवता उभं राहणं म्हणजे काय असेल, याचा विचार कर. मला ‘कूल’ या शब्दात तो ताबा ऐकू येतो.

हे सगळं आपल्यापासून वाटतं तितकं दूर नाही. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजत होता. ते संगीत गोव्याच्या वादकांनी आपलंसं केलं. त्यांतला ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता. 1951 च्या ‘अलबेला’तली गाणी ऐक, हार्लेमची लय त्यात स्पष्ट सापडते.

आता तुझ्या पोरींचे शब्द. ‘स्ले’ पसरला तो हार्लेमच्या बॉलरूममधून, समलिंगी आणि ट्रान्स कृष्णवर्णीय-लॅटिनो मंडळींच्या सोहळ्यांतून. घरच्यांनी टाकलेली कितीतरी मुलं तिथे ऐटीत चालायला शिकली. ‘ड्रिप’ हिपहॉपवाल्यांचा. ‘रिझ’ तर 2023 मध्ये ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आणि 2014 मध्ये शिकागोकडच्या एका कृष्णवर्णीय मुलीने आपल्या कोरलेल्या भुवयांचं कौतुक करताना ‘ऑन फ्लीक’, म्हणजे अगदी रेखीव, असं म्हटलं, काही सेकंदांच्या व्हिडिओत. बघता बघता मोठमोठ्या कंपन्या त्यावर आपला माल खपवू लागल्या. तिला त्यातला वाटा मिळाला नाही. याची मला मनस्वी चीड येते. गाण्याला रॉयल्टी असते, शब्दाला कुणी विचारत नाही.

विल्यम मेल्विन केली या कृष्णवर्णीय लेखकाने 1962 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये हेच लिहिलं होतं. गोऱ्यांनी शब्द उचलला की घडवणारे तो सोडून देतात आणि नवा काढतात. लेखाच्या शीर्षकातच ‘वोक’ आहे, जागा असलेला या अर्थाने. आज त्याच शब्दाची शिवी करून टाकली आहे.

तो लेख वर्तमानपत्राच्या संग्रहात मिळतो. बोलीभाषेचा पाठ घेशील तेव्हा त्यातला एखादा परिच्छेद वर्गात वाच, आणि लेस्टर यंगची एखादी रेकॉर्डही लाव. ऑगस्टमध्ये सुट्टी काढून इकडे येते आहेस ना? तारीख कळव, म्हणजे मी बाकीची कामं तशी लावून ठेवते.

तुझीच,
वसू