स्नेक पासवर थांबलेल्या त्या दोघांना

तीन महिन्यांपूर्वी हौसेनं घेतलेली माझी १९६५ची ब्रिटिश ट्विन (दोन सिलिंडरची मोटरसायकल) रविवारी शेफील्डहून मँचेस्टरला येताना स्नेक पास या डोंगरी रस्त्याच्या चढावर पुन्हा रुसली. (पुन्हा म्हणजे या महिन्यात तिसऱ्यांदा.) व्हॅन थांबवून उतरलेले आजोबा, माझे मेट्रिक पाने बघून तुम्ही नुसतं हसलात आणि स्वतःचा व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा, पाना काढलात. बॅटरीचं पॉझिटिव्ह चासीला जोडलेलं बघून मी शहाणपणानं तारा उलटवणार होतो, तेवढ्यात तुम्ही हात धरलात. तेव्हाची वायरिंगच तशी! पॉइंट्समधली (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांमधली) फट तुम्ही सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घालून जुळवलीत, आणि दुसऱ्याच किकला गाडी बोलली. मनापासून आभार. नावं विचारायची राहिलीच. आणि चहा देणाऱ्या काकू, गळकं तेल पुसायला दिलेला तुमचा टॉवेल दोनदा धुतला, डाग काही जात नाही.