पित्ताशय काढायचं का? चि. मुक्तास पत्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

"काढून टाका म्हणतायत, काढू का?" एवढंच तू विचारलंस. फोनवर हो किंवा नाही सांगून मोकळं होता आलं असतं. पण पोट तुझं आणि संमतीपत्रावर सहीही तुझी, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट. पित्ताशयात बरेच खडे आहेत, त्यातला मोठा ९ मिलिमीटरचा. भिंतीची जाडी २ मिलिमीटर आहे, म्हणजे आत्ता सूज नाही. मुख्य पित्तनलिका ४ मिलिमीटर. तुझ्या वयात ६ पर्यंत कोणी भुवई उंचावत नाही. कूस बदलल्यावर खडे हलतात आणि त्यांच्यामागे काळी सावली पडते असंही लिहिलंय, तेव्हा ते खडेच. भिंतीला चिकटलेला पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब, असा घरंगळत नाही. मात्र एक खोच आहे. पित्ताशयातले खडे सोनोग्राफी क्वचितच चुकवते, पण नलिकेतले सहज चुकवते, कारण नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या वायूमागे झाकलं जातं. म्हणून सोनोग्राफीला जोडून रक्ताची लिव्हर फंक्शन टेस्ट लागते. तिच्यातले बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे पित्ताची वाट तुंबली की वाढणारे दोन आकडे नॉर्मल आणि नलिकाही बारीक, असं असेल तर नलिकेत खडा असण्याची शक्यता कमी. त्यात गडबड दिसली तर शस्त्रक्रियेआधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करून घ्यायची. तू पाठवलेल्या कागदांत ही रक्ततपासणी मला दिसली नाही. ती आधी कर.

आता मुद्दा. खडे आहेत म्हणून पित्ताशय काढत नाहीत, खडे त्रास देतात म्हणून काढतात. असंख्य माणसं पोटात खडे घेऊन आयुष्य काढतात आणि त्यांना पत्ताही नसतो. अशा मुक्या खड्यांपैकी वर्षाला शंभरात एखाद-दोघांचे खडे बोलू लागतात, आणि बोलले तरी बहुतेकदा आधी साधी कळच येते. मुक्या खड्यांसाठी शस्त्रक्रिया सुचवावी अशी कारणं मोजकी आहेत: खडा ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा, सोबत सेंटिमीटरभराचा पॉलिप, भिंतीत कॅल्शियम साचलेलं, किंवा सिकलसेलसारखा रक्ताचा आजार. यातलं तुला काही नाही. त्यामुळे खड्यांची संख्या आणि मिलिमीटर बाजूला ठेव. निर्णय तुझ्या दुखण्यावर ठरणार आहे.

इथे आपली भाषाच घोटाळा करते. मराठीत "पित्त झालंय" म्हणतो ते बहुधा जठरातल्या आम्लाचं, घशाशी जळजळणारं. पित्ताशयातलं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर, आणि पित्ताशय त्यातलं ३०-५० मिलिलिटर आटवून साठवून ठेवतं. स्निग्ध पदार्थ आतड्यात उतरला की पित्ताशय आकुंचन पावतं आणि हा घट्ट साठा नलिकेत सोडतं. त्या वेळी एखादा खडा तोंडाशी अडकला तर बंद दारावर पित्ताशय जोर लावत राहतं. ती खरी कळ. ती पोटाच्या वरच्या भागात, मधोमध किंवा उजव्या फासळ्यांखाली उठते, बरेचदा जेवणानंतर किंवा रात्री झोपेतून. पंधरा-वीस मिनिटांत चढते आणि मग एकसारखी राहते. तिला कळ म्हणतात खरं, पण ती येत-जात नाही. पाठीत किंवा उजव्या खवाट्याखाली जाते. कशीही वळलीस, अँटासिड घेतलंस, शौचाला जाऊन आलीस, तरी हटत नाही. अर्धा तास ते पाच-सहा तासांनी खडा मागे सरकला की जशी आली तशी ओसरते, आणि दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत असतो.

तू सांगितलेल्या त्या दोन रात्री, एकला जाग येऊन चारपर्यंत दुखणं, उजव्या खवाट्यात कळ, दोन उलट्या आणि सकाळी काहीच नाही, या वर्णनात तंतोतंत बसतात. पण रोज दुपारी पोट फुगणं, ढेकरा, गच्च वाटणं, हे बसत नाही. ते पित्ताशय काढूनही राहण्याचीच शक्यता जास्त. शस्त्रक्रियेनंतर "अजून दुखतंच आहे" म्हणणारे कमी नसतात. त्यांच्यातल्या अनेकांचं मूळ दुखणं पित्ताशयाचं नसतंच. सोनोग्राफीत खडे सापडले आणि सगळं खापर त्यांच्यावर फुटलं, एवढंच झालेलं असतं. दुपारच्या फुगण्यासाठी तू ऑपरेशन करणार असशील तर माझं उत्तर नाही असं आहे. त्या दोन रात्रींसाठी करणार असशील तर पुढे वाच.

कळ येऊनही थांबता येतं, हे तुला कदाचित कोणी सांगितलं नसेल. ब्रिटनमध्ये सी-गॉल नावाची चाचणी झाली आणि २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. दुखणारे पण गुंतागुंत नसलेले ४३४ रुग्ण घेतले. निम्म्यांसाठी शस्त्रक्रिया ठरवली, निम्म्यांना वेदनाशामक देऊन थांबायला सांगितलं. १८ महिन्यांनी दोन्ही गटांच्या वेदनेत म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि थांबलेल्यांपैकी फक्त चौथ्या हिश्शाची शस्त्रक्रिया झाली होती. मेख अशी की शस्त्रक्रियेच्या गटातही तोवर दोन-तृतीयांश लोकांचीच झाली होती, आणि दीड वर्ष म्हणजे आयुष्य नव्हे. तरी "आजच्या आज काढलंच पाहिजे" असं कोणी म्हणालं तर हे आठवावं.

थांबण्यात धोका कसला, तेही बघ. खडा तोंडाशी अडकून बसला आणि सुटलाच नाही, तर पित्ताशयाला सूज येते: दुखणं सहा तासांपलीकडे जातं, ताप येतो, उजव्या फासळीखाली दाबून श्वास घ्यायला लावला तर श्वास अर्ध्यावर अडकतो. खडा मुख्य नलिकेत घसरला तर कावीळ होते. लघवी चहासारखी गडद, शौचाचा रंग पांढुरका. त्यावर थंडी वाजून ताप आला तर नलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि मग तासांचा हिशोब असतो. खडा आणखी खाली, स्वादुपिंडाची नलिका जिथे येऊन मिळते त्या तोंडाशी अडकला, तर स्वादुपिंडाला सूज. यातलं मला सगळ्यात नावडतं ते हेच, कारण बहुतेकांचं सौम्य असलं तरी काहींना आठवडेच्या आठवडे आयसीयूत काढावे लागतात. आणि इथे लहान खडे मोठ्यांपेक्षा वाईट. मोठा खडा नलिकेत शिरतच नाही, ३-४ मिलिमीटरचा शिरतो. तुझ्याकडे ९ चा एक असला तरी बाकीचे बारीक आहेत.

दुसरी गोष्ट तू ओझरती बोललीस, पण माझ्या मते तीच निर्णायक. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे म्हणालीस. गरोदरपणात हार्मोन्समुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं आणि पित्ताशय सुस्तावतं. खडे वाढतात, कळा वाढतात. नेहमीच्या वेदनाशामकांपैकी बरीचशी तेव्हा चालत नाहीत. शस्त्रक्रिया करावीच लागली तर गरोदरपणातही करता येते, मधले तीन महिने त्यातल्या त्यात सोयीचे. पण जे आज शांतपणे तारीख ठरवून होईल, ते पोटात बाळ असताना मध्यरात्री कशाला? तेव्हा रक्ततपासणी ठीक आली तर माझा कौल शस्त्रक्रियेकडे आहे. बाळाचा बेत नसता तर "एक कळ आणखी बघू" म्हणालो असतो.

"फक्त खडे काढता येत नाहीत का?" हा तुझ्या आईचा प्रश्न. येतात, पण पुन्हा होतात. खडा हे फळ, झाड पित्ताशय. १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पूर्ण पित्ताशय काढलं ते याच विचाराने. विरघळवण्याचं औषध आहे, अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड. वजनाच्या किलोमागे रोज ८ ते १० मिलिग्रॅम, सहा महिने ते दोन वर्षं. ते चालतं फक्त बारीक, कॅल्शियम नसलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, आणि पित्ताशय नीट आकुंचन पावत असेल तरच. थांबवल्यावर पाच वर्षांत जवळजवळ निम्म्यांना खडे परत होतात. गरोदरपणाच्या बेतात ते बसतही नाही. भरपूर पाणी पिऊन पाडायचा तो मुतखडा, त्याची वाट वेगळी. तेल आणि लिंबाचा रस पिऊन "शंभर खडे पडले" असे फोटो फिरतात, तेही पाहिले असशील. ते हिरवट गोळे मऊ असतात आणि बोटाने चिरडतात, कारण प्यायलेल्या तेलाचाच आतड्यात साबण बनलेला असतो. पित्ताशयातला खडा बोटाने असा चिरडत नाही.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते, पूर्ण भुलीखाली, साधारण तासाभराची. चार छिद्रं: बेंबीजवळ एक सेंटिमीटरचं, छातीच्या हाडाखाली एक, उजवीकडे अर्ध्या सेंटिमीटरची दोन. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवून जागा करतात. खरं कसब एकाच ठिकाणी लागतं. पित्ताशयाच्या मानेपासून निघणारी छोटी नलिका आणि तिच्या शेजारची रक्तवाहिनी, दोन्ही क्लिपा लावून कापायच्या असतात; आणि अगदी लगत मुख्य पित्तनलिका असते, तिला धक्का लागता कामा नये. सूज असली की सगळं चरबीत आणि चिकटपणात गुरफटतं, आणि मुख्य नलिकाच छोटी समजून कापली जाऊ शकते. हजारात तीन ते पाच जणांना अशी इजा होते. आकडा लहान आहे, पण झाली तर मोठी दुरुस्ती शस्त्रक्रिया आणि वर्षानुवर्षांच्या फेऱ्या. म्हणून नियम असा: तिथली चरबी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटा करायचा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच, फक्त दोनच गोष्टी डोळ्यांना दिसल्या तरच क्लिप लावायची. याला क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी म्हणतात. सर्जनला सरळ विचार: "तो व्ह्यू मिळाला नाही तर काय कराल?" "पित्ताशयाचा काही भाग ठेवून बाहेर पडू, नाहीतर पोट उघडू," असं उत्तर आलं तर त्याच्या हाती पोट द्यायला हरकत नाही. "तशी वेळ येतच नाही" म्हणाला तर दुसरा सर्जन बघ. दुर्बिणीतून सुरू करून पोट उघडावं लागलं तर ते अपयश धरू नकोस. संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतंच.

जाग आल्यावर कदाचित पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखेल. घाबरू नकोस. उरलेल्या वायूने छाती आणि पोट यांच्यामधला पडदा चिडतो आणि त्या नसेचं दुखणं खांद्यात जाणवतं. चालायला लागलीस की दोन-तीन दिवसांत जातं. घरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. बैठं काम आठ-दहा दिवसांत, जड उचलणं महिनाभर नाही, नाहीतर बेंबीपाशी हर्निया व्हायची भीती. घरी आल्यावर मोजमाप एकच ठेव: आजचा दिवस कालच्यापेक्षा बरा हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उलट वाढलं, पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर पित्त गळत असेल किंवा नलिकेत खडा राहिला असेल. तेव्हा गोळी घेऊन वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

पित्ताशयाशिवाय पचन चालतं. पित्त यकृतात तयार होतच राहतं, साठण्याऐवजी थेंबथेंब आतड्यात उतरतं. काहींना त्यामुळे पातळ शौचाला होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. लांबलं तर पित्ताम्लं बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनसारखी औषधं आहेत. जन्मभराचं पथ्य कोणी सांगितलं तर ऐकून सोडून दे.

तारखेपर्यंत दोन गोष्टी सांभाळ. वजन कमी करायच्या नादात उपाशी राहू नकोस. आठवड्याला दीड किलोहून जास्त उतरलं की खडे वाढतात. आणि पुन्हा कळ आली तर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेता येईल का, किती, हे डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घे. आम्लाचा त्रास आहे हे त्यांना आठवणीने सांग. कळ किती वाजता सुरू झाली, किती वाजता थांबली, तेही टिपून ठेव.

रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो पाठव. बिलिरुबिनची ओळ स्पष्ट दिसेल असा.

तुझे,
बाबा